१० चा फ्यूज उडतो म्हणून २० चा टाकू का?

प्रश्न मानेवाड्याच्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "काका, बाबांची नऊ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. सीताबर्डीतून २०-२० वॅटचे दोन एलईडी फॉग लाइट, डीआरएलची (दिवसा लावायच्या दिव्यांची) एक जोडी आणि पायाशी लावायला एलईडी पट्टीचं पाच मीटरचं रीळ आणलं. व्हिडिओ बघून सगळं पार्किंग लाइटच्या वायरला जोडलं. पार्किंग लावली की सगळं एकदम लागतं. गाडी बंद असताना झकास चालतं, पण इंजिन चालू करून निघालो की थोड्याच वेळात पार्किंगचा १० अँपिअरचा फ्यूज उडतो. मित्र म्हणतो २० चा टाक, काही होत नाही. टाकू का? आणि उजवा फॉग लाइट मधूनच फडफडतो, तो खराब निघाला का?"

नाही, २० चा टाकू नको. हे वाचेपर्यंत टाकला असशील तर आधी खाली जाऊन तो काढ आणि मग पुढचं वाच.

सव्वीस वर्षं मी नागपुरात गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो आहे. स्वतःच्या हाताने गाडीत काही करून बघणाऱ्या पोरांवर मी रागावत नाही, मीही तसाच शिकलो. पण फ्यूज म्हणजे काय हे नीट डोक्यात बसलं नाही तर पुढचं सगळं सांगणं वाया जाईल, म्हणून तिथूनच सुरू करतो. फ्यूज दिव्याची राखण करत नाही. दिवा जळाला तर नवा आणता येतो. फ्यूज राखतो ती वायर. पार्किंगची वायर न तापता जेवढा करंट नेऊ शकते, तो हिशेब धरून कंपनीने तिथे १० चा फ्यूज दिला. फ्यूज २० चा केला म्हणून वायर जाड होत नाही. आतापर्यंत फ्यूज उडून तुला सांगत तरी होता. आता सांगणारा कोणी उरणार नाही आणि डॅशबोर्डमागची वायरच फ्यूजसारखी जळेल.

नागपूरच्या माणसाला हे कळायला अवघड नाही. उन्हाळ्यात कूलरच्या पातळ एक्स्टेंशनवर कोणी इस्त्रीही लावली की वायर हाताला गरम लागते आणि प्लगचं प्लॅस्टिक तपकिरी पडतं. गाडीत हे फार लवकर होतं, कारण व्होल्ट कमी असले की तेवढ्याच वॅटला करंट जास्त लागतो. घरी ७२ वॅटचं काही २३० व्होल्टवर लावलं तर ०.३ अँपिअर लागतात, गाडीत तेच १२ व्होल्टवर ६ अँपिअर खातं. आणि वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. त्यात गाडीतली वायर एकटी मोकळी नसते. वीस-पंचवीस वायरींच्या लूममध्ये, म्हणजे जुडग्यात, टेपने घट्ट बांधलेली असते, तिची उष्णता जायला जागाच नसते.

१९९९ चा मे महिना होता. कामठी रोडवरच्या एका गॅरेजात मी उमेदवारी करत होतो. एका गिऱ्हाइकाचा फ्यूज सारखा उडत होता आणि त्यांना लग्नाला जायची घाई होती. "करून टाका ना भाऊ काहीतरी," म्हणाले. उस्ताद जेवायला गेले होते. मी १५ च्या जागी ३० चा टाकला आणि गाडी सोडली. तिसऱ्या आठवड्यात ती टोचन करून परत आली. डॅशबोर्ड खोलला तर आतल्या अकरा वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या, सगळ्यांची मिळून एक काळी दोरी झाली होती. धूर निघाला तेव्हा मागच्या सीटवर दोन लहान मुलं होती. गाडी बाजूला घेऊन सगळे वेळेत उतरले, कोणाला काही झालं नाही. उस्ताद मला ओरडले नाहीत. ती काळी दोरी त्यांनी माझ्या हातात दिली आणि चार दिवस माझ्याकडूनच नवी वायरिंग ओढून घेतली. तिचा एक तुकडा आजही माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेला आहे. २० चा टाका म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी तो हातात घेऊन बघायला सांगतो.

आता तुझ्या फ्यूजकडे येऊ. तू एक गोष्ट फार चांगली लिहिलीस, की फ्यूज लगेच उडत नाही, इंजिन चालू झाल्यावर थोड्या वेळाने उडतो. निम्मा रोग इथेच कळला. कुठे वायर सोलली जाऊन बॉडीला लागली असती तर स्विच दाबताक्षणी फ्यूज गेला असता. १० च्या फ्यूजमधून ११ अँपिअर गेले तर तो तासन्‌तास टिकतो, १३-१४ गेले तर काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत कधीही उडतो, २० गेले तर पाचेक सेकंदांच्या आत जातो. तुझं शॉर्ट नाही, ओव्हरलोड आहे.

आणि ओव्हरलोड कशाने? मला खात्री आहे की तुझा संशय फॉग लाइटवर असणार. हिशेब करून बघ. दोन फॉग मिळून ४० वॅट, म्हणजे सव्वातीन अँपिअर. डीआरएलचा एखादा अँपिअर. कंपनीचे पार्किंगचे बल्ब, नंबर प्लेट आणि स्पीडोमीटरमागचे दिवे मिळून दोन-सव्वादोन. राहिली पट्टी, जी बोटभर रुंद आणि कागदासारखी पातळ दिसते म्हणून तिचा हिशेब कोणी करत नाही. एक मीटर लांबीत ६० मोठ्या चौकोनी एलईडी असलेली पट्टी दर मीटरला साधारण १४ वॅट घेते. तुझं पाच मीटरचं रीळ झालं ७२ वॅटचं, म्हणजे ६ अँपिअर. दोन्ही फॉग लाइट मिळून जेवढं खात नाहीत, तेवढं ती पायाशी चमकणारी पट्टी एकटी खाते. सगळं मिळून साडेबारा. १० चा फ्यूज गाडी बंद असताना तेवढं कसंबसं सोसतो.

मग इंजिन चालू झाल्यावर काय बदलतं? बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झालं की त्यावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर १३.८ ते १४.४ व्होल्ट देतो. वाटतं की दीड-दोन व्होल्टने काय होणार. पट्टीची रचना बघ. तिच्यात तीन-तीन एलईडी एकामागे एक आणि त्यांच्यापुढे करंटला आवर घालणारा एक बारीक रेझिस्टर असतो. पांढरी एलईडी साधारण ३.२ व्होल्ट घेते, तिघींचे झाले ९.६. १२ मधून उरले २.४ व्होल्ट, ते रेझिस्टरवर पडतात. रेझिस्टर १५० ओहमचा असेल तर करंट १६ मिलीअँपिअर. आता १२ च्या जागी १४.१ व्होल्ट धर. एलईडींचा घास जवळपास तेवढाच राहतो, वाढलेलं सगळं रेझिस्टरच्या माथी. ४.५ भागिले १५०, म्हणजे ३० मिलीअँपिअर. व्होल्ट वाढले सहावा हिस्सा आणि करंट झाला दुपटीच्या जवळ. करंट वाढला की एलईडीही थोडे जास्त व्होल्ट घेते, त्यामुळे प्रत्यक्षात वाढ याहून काहीशी कमी असते, पण ६ चे ८ अँपिअर सहज होतात. तुझा फ्यूज तिथे जातो. स्वस्त पट्ट्या गाडीत वर्षभरात पिवळ्या पडून तुकड्या-तुकड्याने विझतात, त्याचंही कारण हेच. त्या बारक्या रेझिस्टरवरची उष्णता तिप्पट-साडेतीनपट होते आणि वर नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बंद गाडीची भट्टी.

म्हणून पहिलं काम कात्रीचं. पायाशी पाच मीटर लागतच नाहीत. पुढे दोन आणि मागे दोन, प्रत्येकी ४० सेंटिमीटरचे तुकडे पुरतात. पट्टीवर दर तीन एलईडींनंतर तांब्याचे ठिपके आणि कापायची रेघ असते, तिथेच काप. १.६ मीटरची पट्टी दोन-अडीच अँपिअरमध्ये चालते. सोबत १२ व्होल्टचा छोटा रेग्युलेटर बसवलास तर ती इंजिन चालू असतानाही तापणार नाही. मागचा गोंद आपल्या उन्हात टिकत नाही, हे लिहून ठेव. पट्टी ॲल्युमिनियमच्या चॅनलमध्ये बसव आणि चॅनल क्लिपने किंवा स्क्रूने धर. ड्रायव्हरच्या बाजूला हे खास सांभाळ. सुटलेली पट्टी लोंबून ब्रेकच्या पेडलमध्ये अडकली तर काय होईल ते तुला सांगायची गरज नाही.

पार्किंगच्या वायरवरून तू जे जे जोडलंस ते सगळं काढ, सोललेल्या जागा नीट झाक आणि फ्यूज पुन्हा १० चाच ठेव, तो लाल रंगाचा. २० चा पिवळा असतो. वर्षभराने दुसऱ्या कोणी बॉक्स उघडला तरी त्याला रंगावरून समजेल.

फॉग लाइटची लाइन नवी टाकायची, थेट बॅटरीवरून. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोड, आणि निगेटिव्हच आधी. पॉझिटिव्ह सोडताना पाना चुकून बॉडीला लागला आणि निगेटिव्ह जोडलेलं असलं, तर पान्यातून शेकडो अँपिअर जातात. बोटातल्या अंगठीतून तो करंट गेलेला माणूस मी पाहिला आहे. अंगठी काढून ठेव, घड्याळही.

बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघाल्यावर वीतभर अंतराच्या आत फ्यूज होल्डर आला पाहिजे. पोरं काय करतात, वायर केबिनपर्यंत आणतात आणि फ्यूज स्विचपाशी बसवतात. बॅटरीपासून त्या फ्यूजपर्यंतची दीड-दोन मीटर वायर मग उघडी राहिली, ती इंजिनात कुठे घासली तर तिला वाचवणारं मध्ये काहीच नाही. तुझ्या ४० वॅटला १ चौरस मिलिमीटरची वायर आणि ७.५ चा फ्यूज, तपकिरी रंगाचा. वायर गाडीचीच घे. घराच्या वायरिंगची साधी वायर ७० अंशांपर्यंतची असते, गाडीची ८५ किंवा १०५ अंशांची मिळते. बाहेर सावलीत ४५ अंश असताना बॉनेटखाली काय असेल याचा विचार कर आणि त्यात पैसे वाचवू नको.

फ्यूजनंतर रिले, म्हणजे आतल्या कॉइलला थोडा करंट दिला की मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. चार पिनांचा रिले घेतलास तर त्याच्या बुडाशी आकडे असतात. ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून फॉग लाइट, ८५ अर्थला (म्हणजे गाडीच्या बॉडीला), ८६ ला स्विचकडून येणारी पातळ वायर. खरं सांगायचं तर तीन-साडेतीन अँपिअर एखादा चांगला स्विचही सोसतो, त्यामुळे रिले कशाला असं कोणी विचारलं तर तो प्रश्न चुकीचा नाही. तरी मी रिले लावतोच. जाड करंटची वायर केबिनमध्ये येतच नाही, स्विचकडे फक्त रिलेच्या कॉइलपुरते दीडशे-दोनशे मिलीअँपिअर जातात, आणि उद्या तू मोठे दिवे लावलेस तरी स्विच जळत नाही. रिले घेताना आत रेझिस्टर किंवा डायोड असलेला माग. कॉइल बंद होताना उलट्या दिशेने व्होल्टेजचा झटका मारते. आजकालच्या गाड्यांत दिवे सांभाळणारा कंप्युटर असतो, त्याला हे झटके सोसत नाहीत.

स्विचला पुरवठा फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅपने (फ्यूजच्या खाचेत बसून जास्तीची वायर काढून देणाऱ्या तुकड्याने) घे, चावी फिरवल्यावर जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून. म्हणजे चावी काढली की फॉग बंद, विसरायचा प्रश्नच नाही. टॅप बसवताना एक बारकावा आहे. फ्यूजच्या खाचेतला एक पाय बॅटरीच्या बाजूचा असतो, दुसरा दिव्याच्या बाजूचा. टॅपचा पुरवठा घेणारा पाय बॅटरीच्या बाजूला आला पाहिजे, नाहीतर तुझा करंट जुन्या फ्यूजमधूनच जातो. फ्यूज काढून मल्टिमीटरने बघ, ज्या खाचेत चावी चालू असताना १२ व्होल्ट येतात ती बॅटरीची बाजू.

डीआरएलसाठी पाच पिनांचा रिले घे. त्यात ८७अ नावाची जास्तीची पिन असते, कॉइलला करंट नसताना ती ३० ला जोडलेली राहते. चावीवर चालणारा पुरवठा ३० ला, डीआरएल ८७अ वर आणि कॉइलला पार्किंगची वायर. दिवसा चावी फिरवली की डीआरएल लागतात, संध्याकाळी पार्किंग लावली की आपोआप विझतात. पार्किंगच्या वायरकडून आता फक्त कॉइलपुरता करंट घेतला जातो, एवढं मागायला हरकत नाही. अडीचशे रुपयांचंही सामान नाही, पण रात्री समोरच्याच्या डोळ्यात दिवसाचा उजेड जाणार नाही.

तुझा फडफडणारा फॉग लाइट मला खराब वाटत नाही. असे दहा दिवे माझ्याकडे आले तर सात-आठ अर्थिंगचे निघतात. लोक लाल वायरीची काळजी घेतात आणि काळी वायर दिसेल त्या बोल्टखाली दाबतात. करंट जेवढा लाल वायरीतून जातो तेवढाच काळ्या वायरीतून परत येतो. बोल्टखाली रंग असेल, गंज असेल, तर तिथे रेझिस्टन्स तयार होतो आणि दिव्याला पुरे व्होल्ट मिळत नाहीत. तुझ्या मीटरवर हे पाच मिनिटांत कळेल. डीसी व्होल्ट लाव, दिवा चालू ठेव. एक प्रोब दिव्याच्या काळ्या वायरीवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर. ०.१ व्होल्टपर्यंत आलं तर अर्थ चांगला आहे. ०.२ च्या वर गेलं तर खराब. मग बोल्ट काढ, तिथला रंग पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घास, वायरीला रिंगची थिंबल क्रिंप कर (पकडीने दाबून बसव), दातेरी वॉशर घालून कस आणि वरून पेट्रोलियम जेली लाव, नाहीतर पहिल्या पावसात उघड्या पत्र्याला गंज धरेल.

अर्थ बॉडीलाच द्यायचा, बॅटरीच्या निगेटिव्ह पोलला नाही. तुझ्या गाडीत नसेल, पण सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. पोलवर थेट जोडलेला करंट त्याच्या मोजणीतून निसटतो आणि गाडीचा बॅटरीचा हिशेब चुकतो.

आता जोडांचं. मला सगळ्यात जास्त वाईट इथे वाटतं, कारण दिवे महागाचे आणि जोड पिळून वर काळी टेप. नागपूरच्या उन्हात त्या टेपचा गोंद दोन महिन्यांत पाघळतो, टेप सरकते आणि तांबं उघडं पडतं. वायर न सोलता वरून चिमटा मारायचे निळे-लाल कनेक्टरही बॉनेटखाली वापरू नको. ते आतली पात घालून दोन-चार तारा कापतात आणि तिथून पाणी आत शिरून तांबं हिरवं होतं. चांगल्या पकडीने क्रिंप केलेला जोड आणि वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी, हे मी आज कोणत्याही कामात वापरतो. डागणी (सोल्डरिंग) वाईट नाही, पण कथिल वायरीच्या तारांमध्ये वर चढतं, तिथे वायर कडक होते आणि जिथे कडकपणा संपतो तिथे धक्क्यांनी तारा तुटतात. डागलंस तर त्या जागेला दोन्ही बाजूंनी क्लिपने धरून ठेव, हलू देऊ नको.

बॉनेटमधून केबिनमध्ये यायला पत्र्याला नवं भोक पाडू नको. कंपनीच्या लूमसाठी पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (बूच) असतो, त्यातूनच बारीक छेद करून वायर आण. बाहेरच्या बाजूला वायर आधी ग्रोमेटच्या खाली उतरवून मग वर घे, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून आत न येता खालीच टपकतं. सगळी वायर काळ्या पन्हळी नळीतून ने, एक्झॉस्टपासून हातभर लांब, पंख्यापासूनही. पावसाळ्यात उंदीर बॉनेटमध्ये घर करतात. नळीने ते थांबतात असं नाही, पण मोकळी लोंबणारी वायर ते आधी कुरतडतात, हे मी कित्येकदा बघितलंय.

एका जागी तुझा हात जाऊ नये असं मला वाटतं. पिवळं कव्हर किंवा पिवळे कपलर असलेली वायर दिसली तर ती एअरबॅगची. तिला टेस्ट लॅम्प लावायचा नाही, मीटर लावायचा नाही, तिच्यावरून पुरवठा घ्यायचा नाही. पडदा एअरबॅग (काचेवर पडद्यासारखी उघडणारी) असलेल्या गाडीत काचेशेजारच्या खांबाच्या कव्हरमधून वायर ओढताना वायर एअरबॅगच्या पुढून गेली तर एअरबॅग उघडताना अडते. त्या कव्हरला स्वतः हात लावू नको, जाणकार माणसाला दाखव.

तुझ्या पुढच्या बेताचा मला अंदाज आहे, कारण सगळ्यांचा तोच असतो: हेडलाइटचे हॅलोजन काढून एलईडी बल्ब. नको करू. हॅलोजनच्या एच-४ बल्बमध्ये लो बीमच्या फिलामेंटखाली एक वाटी असते, ती खाली जाणारा उजेड अडवते, जो आरशावरून वर फेकला गेला असता, आणि आरसा त्या फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीच्या चिपा त्या जागी तंतोतंत बसत नाहीत. उजेड खूप वाटतो, पण तो रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त पडतो. पावसात पांढरा उजेड पाण्यावरून परत फिरतो आणि काळ्या रस्त्यावरचा खड्डा दिसेनासा होतो. माझ्याकडे आलेल्यांना मी आधी हेडलाइटचं पिवळं पडलेलं कव्हर पॉलिश करायला सांगतो, नवा चांगला ६०/५५ वॅटचा हॅलोजन, अर्थ साफ, आणि बल्बच्या सॉकेटवर व्होल्ट मोजायला. इंजिन चालू असताना सॉकेटवर १२ पण येत नसतील तर दोष बल्बचा नाही. रिले घालून सॉकेटवर पुरे व्होल्ट दिले की उजेडातला फरक डोळ्यांना दिसतो.

इंडिकेटर एलईडी केलेस तर ते दुप्पट वेगाने टिकटिकतील. २१ वॅटचा बल्ब गेला असं इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरला वाटतं. बाजारात त्यावर ६ ओहमचा रेझिस्टर विकतात. इंडिकेटर पेटलेला असताना १३.८ व्होल्टवर तो ३० वॅटच्या वर उष्णता काढतो, बंपरच्या प्लॅस्टिकला चिकटवला तर ते वितळतं. लावायचाच तर पत्र्यावर कसून लाव. जुन्या गाडीत वेगळा फ्लॅशर रिले असतो, तो एलईडीचा घेणं केव्हाही बरं.

कायद्याचंही ऐकून ठेव. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला मालकासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं म्हटलं आहे. मालक म्हणजे तुझे बाबा, तू नाहीस. पुढे लाल दिवा नको, निळा नको, लुकलुकणारं काही नको. फॉग लाइट हेडलाइटच्या खालीच बसव आणि त्यांचं तोंड जमिनीकडे झुकव. मनसरच्या पुढे खवाशाकडे पेंचच्या जंगलातून हायवे जातो. तिथे रात्री कोणी हे दिवे समोर उंच लावून आलं की समोरच्या ट्रकवाल्याला दोन क्षण काहीच दिसत नाही, आणि रस्त्यावर आलेलं जनावर जागीच थिजतं.

सगळं जोडून झालं की बॅटरीचा गुपचूप खर्च तपास. गाडी बंद, दारं लावलेली, अर्धा तास थांब. मग निगेटिव्ह केबल सोडून मीटर तिच्या आणि पोलच्या मध्ये, १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये लाल प्रोब घालून. मीटर मध्ये असताना चावी फिरवू नको, मीटर जळेल. केबल सोडली की गाडी थोडा वेळ पुन्हा जागी होते, म्हणून आकडा स्थिरावेपर्यंत थांब. ५० मिलीअँपिअरच्या आत आलं तर निश्चिंत राहा. २०० आलं तर दिवसाला जवळपास ५ अँपिअर-तास जातात, तुझ्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला आठवडा पुरे. तुझी पट्टी कायम जिवंत लाइनवर असती आणि एक रात्र चालू राहिली असती, तर सकाळी सेल्फने नुसतं टक-टक केलं असतं.

शेवटचं काम संध्याकाळी कर. सगळे दिवे लावून उमरेड रोडने अर्धा तास गाडी चालव, परत येऊन लगेच बॉनेट उघड. फ्यूज होल्डर, रिलेचं सॉकेट आणि दोन्ही फॉगचे कपलर एक-एक करून बोटांनी चाचप, इंजिनापासून हात सांभाळून. कोमट चालेल. बोट टिकत नसेल इतकं गरम जे लागेल, तो जोड ढिला आहे, तो पुन्हा क्रिंप कर. आणि उजव्या फॉगच्या अर्थवरचं रीडिंग मला कळव, घासण्याआधीचं आणि घासल्यानंतरचं, दोन्ही.